सिल्वेरियोचा सैल हात

तलावातल्या ताकीले बेटावर एखाद्या पुरुषाचे हात रिकामे दिसले, की लोक काळजीनं विचारतात, "बरं नाही का रे?"

सिल्वेरियो माचाकाला हा प्रश्न आयुष्यात कधी कुणी विचारला नव्हता. तो चालताना विणायचा, होडीची वाट बघताना विणायचा, रविवारच्या सभेत हात वर करायची वेळ आली तर सुया दातांत धरून मत द्यायचा. यात त्याचं कौतुक करण्यासारखं काही नाही. बेटावरचे सगळेच बाप्ये असे. बायकांनी लोकर कातायची, रंगवायची, मागावर पट्टे काढायचे. टोपी मात्र पुरुषानं विणायची आणि आपली आपण विणायची. सायकलचे स्पोक घासून केलेल्या पाच बारीक सुया, मानेमागून फिरवून घेतलेला धागा, आणि डोळे वाटेवर. अख्ख्या बेटावर सायकल एक नाही, पण स्पोक घराघरात.

सिल्वेरियोची गंमत वेगळी होती. त्याच्या मनात जे चाले ते थेट बोटांत उतरे. राग आला की टाके असे घट्ट बसत की त्यात सुईचं टोक शिरायला मागत नसे. आनंद झाला की हात सैल. बाकीच्यांचा हात चोवीस तास एकसारखा चाले. याच्या हाताला ऋतू होते. त्याच्या डोक्यावरची टोपी म्हणजे रोजनिशीच. काठाजवळचा दोन बोटं घट्ट पट्टा विणला तेव्हा त्याची मेंढी कड्यावरून तलावात पडली होती. त्याच्यावरचा जाळीदार भाग सांतियागोच्या जत्रेतला, त्यातून करंगळी आरपार जाई. त्याच्यावर पुन्हा घट्ट, कारण जत्रेनंतर त्याला कळलं की आपण नाचत होतो तेव्हा कुणीतरी आपले उकडलेले बटाटे खाऊन टाकले.

आणि त्याच्याही वर पांढरा शेंडा. लग्न न झालेल्याची टोपी खाली लाल, वर पांढरी. लग्न झालेल्याची शेंड्यापर्यंत लाल. दुरून टोपी बघितली की पोरीच्या आईला पुढचं काही विचारावं लागत नाही.

सिल्वेरियो चोवीस वर्षांचा झाला आणि त्या पांढऱ्या शेंड्याला कंटाळला. त्याच सुमाराला एपिफानियाही त्याला 'हो' म्हणाली.

खरं तर ती 'हो' असं म्हणालीच नाही. कातता कातता टकळी थांबवून म्हणाली, "तुला लाल किती लागेल?" बेटावर याचा अर्थ तोच. नवऱ्यानं लग्नाची टोपी विणायची ती नवरीनं कातलेल्या आणि रंगवलेल्या लोकरीची. निवडुंगावरचे किडे वाटून एका हंड्यात रंग उकळायचा, त्यात सगळी लोकर एकदम बुडवायची. दुसरा हंडा लावला की लाल दुसराच होतो, मग तेवढा पट्टा आयुष्यभर ओरडून सांगतो की या नवऱ्याला हिशेब येत नव्हता.

सिल्वेरियोला हिशेब येत होता, असं त्याचं मत होतं. कमरेला तो एक दोरी बांधायचा. टोपी एक बोट वर गेली की दोरीला एक गाठ. लोकरीचा एक गुंडा संपला की त्या जागी लोकरीचा एक बारका झुपका. बेटावर बरेच जण अशी दोरी ठेवतात, पण सिल्वेरियो ती लोकांना मुद्दाम दाखवत फिरे. लहानसा नमुना विणून, दोरी बोटांवर मोजून तो ऐटीत म्हणाला, "टोपी चोवीस बोटं. एका गुंड्यात चार बोटं. सहा गुंडे."

"नक्की सहा?" एपीनं विचारलं.

"दोरी खोटं बोलत नाही."

एपीनं त्याच्याकडे नीट बघितलं. मग सहा गुंडे त्याच्या झोळीत टाकले आणि पुन्हा टकळी फिरवायला लागली.

आता प्रश्न उरला तिच्या बापाचा. तिबुर्सियो हुआत्ता हा माणूस बोलायला कमी आणि दिसायला कड्यासारखा. धक्क्यापासून चौकापर्यंत पाचशेच्या वर दगडी पायऱ्या आहेत; त्या पायऱ्यांवर बाहेरून आलेली माणसं जीभ बाहेर काढून बसतात. तिबुर्सियो पाठीवर बटाट्याचं पोतं घेऊन त्या चढायचा आणि वर पोचल्यावर कपाळाला बोट लावून लोकांना दाखवायचा. कोरडं. "आमच्या घराण्यात घाम नाही," असं तो म्हणायचा, जणू घाम म्हणजे दिवाळखोरी.

आणि टोपी पारखण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मे महिन्यात बेटावरची सगळी लग्नं एकदम लागतात. त्याआधीच्या रविवारी नवऱ्या मुलानं आपली टोपी घेऊन चौकात यायचं. होणाऱ्या सासऱ्यानं ती उलटी धरायची, तिच्यात तांब्याभर पाणी ओतायचं आणि कमानीपासून देवळाच्या दारापर्यंत वीस पावलं चालायचं. थेंब पडला नाही तर जावई. पडला तर घरी जा. इतर सासरे या कामी थोडे भरभर चालतात, काहीजण तर पळतात. तिबुर्सियो मात्र म्हशीच्या चालीनं चालला असता, बेटावर म्हैस असती तर. मागच्या वर्षी फोर्तुनातो नावाचा एक देखणा, व्यवस्थित मुलगा एपीसाठी आला होता. सतराव्या पावलाला थेंब पडला. तिबुर्सियोनं टोपी पिळून त्याच्या हातात दिली आणि एवढंच विचारलं, "इथं काय झालं होतं?" फोर्तुनातो म्हणाला, "लोकर खराब होती." लोकर एपीची होती. फोर्तुनातो त्याच आठवड्यात तलावाकाठच्या पुनो शहरात हॉटेलात कामाला लागला.

तिबुर्सियोचा नियमच होता, एका माणसाला एकच संधी. पुढचा मे वगैरे काही नाही.

हे सगळं सिल्वेरियोला ठाऊक होतं. पण एपीची लोकर झोळीत पडल्यापासून त्याच्या पोटात आनंद मावत नव्हता, तो बोटांवाटे बाहेर सांडत होता. तो पायऱ्यांवर विणत होता, शेताच्या बांधावर विणत होता, मधेच थांबून तलावाकडे बघून उगीच हसत होता. आठ दिवसांत बारा गाठी आणि तीन झुपके! निम्मी टोपी! "दोरी खोटं बोलत नाही," असं तो भेटेल त्याला सांगे.

नवव्या दिवशी सहज म्हणून त्यानं झऱ्यापाशी अर्धवट टोपीची एक बाजू सुयांसकट ओंजळीसारखी खोलगट धरली आणि तिच्यात थोडं पाणी ओतलं.

पाणी थांबलंच नाही. वरून आलं, खालून गेलं, मधे टोपी आहे याची त्याला दादही नव्हती.

शेजारी इलारियोन आजोबा घागर भरत होते. बेटावर वडीलधाऱ्या पुरुषाला 'तायता' म्हणतात, बाप म्हणावं तसं. तायता इलारियोन सत्तरीचे, दात पाच, आणि तोंडाची टकळी बेटावरच्या सगळ्या बायकांच्या टकळ्यांपेक्षा वेगानं फिरणारी.

"वा!" ते म्हणाले. "जाळं छान झालंय. माझं फाटलंय, एक मलाही दे करून. मासे मोठे असतात इकडचे, एवढी बारीक वीण नको, पण चालेल."

"तायता, टोपी आहे ही."

"कुणाची? पाण्याची?"

सिल्वेरियोच्या तोंडचं पाणीही त्या टोपीतल्या पाण्याच्या मागोमाग पळालं. तो तिथंच मटकन बसला. इलारियोननी आपल्या पिशवीतली कोकाची चार पानं त्याच्या हातावर ठेवली, त्याच्या पिशवीतली चार उचलली, रिवाज म्हणून, आणि दोघांनी चघळत विचार केला.

"तुझा रोग जुना आहे," इलारियोन म्हणाले. "खूश आहेस ना?"

"खूप."

"मग झालं वाटोळं. उसव सगळं. आणि रागाव."

"कुणावर?"

"ते मी काय सांगू? एवढं मोठं बेट आहे, बघ की कुणावर तरी."

सिल्वेरियोनं टोपी उसवली. वाफेवर धरून धागा सरळ केला, गुंडाळला, नवी दोरी कमरेला बांधली आणि रागावायला बसला. तास झाला. त्यानं आपली मेलेली मेंढी आठवली. पण मग आठवलं, की त्या दिवशी एपी त्याला समजवायला आली होती, आणि बोटं सैल पडली. त्यानं चोरीला गेलेले बटाटे आठवले. ते आपणच खाल्ले, असं एपीनं नंतर हसत हसत कबूल केलं होतं. पुन्हा सैल. ज्या आठवणीला हात घालावा तिच्या टोकाला एपी बसलेली.

आणि मग, कसं कोण जाणे, दुसऱ्या दिवसापासून सगळं बेटच त्याच्यावर उलटलं.

सकाळी पायऱ्या उतरताना समोरून येणाऱ्या एका बाईनं त्याला थांबवलं. "सिल्वेरियो, तुझी टोपी विकायला ठेवणार का रे दुकानात? एका बाईला क्विनोआ चाळायला काहीतरी हवंय."

धक्क्यावर होडीवाला म्हणाला, "फोर्तुनातो भेटला पुनोत. काय टोपी आहे गड्याची! तिच्यात सूप घेऊन पितो म्हणे."

"खोटं!"

"बरं, खोटं. पण तुझ्या टोपीबद्दल असं खोटंसुद्धा कुणी बोलत नाही, हे लक्षात घे."

सिल्वेरियोचे कान तापले. त्यानं खाली बघितलं तर बोटं चालत होती आणि टाके दगडी भिंतीतल्या चिऱ्यांसारखे एकमेकांना चिकटून बसत होते.

मग काय, झुंबडच उडाली. भेटेल तो एक दगड मारून जाई. कुणी म्हणे, "तुझ्यापेक्षा तुझ्या मेंढीनं बरी वीण घातली होती, अंगावरच." कुणी म्हणे, "तुझ्या बापाची टोपी आठवते. पाऊस पडला की लोक तिच्याखाली उभे राहायचे. तुझ्या टोपीखाली राहिलं तर दुप्पट भिजतील." कुणी नुसतंच त्याच्या टोपीतून डोळा लावून तलाव बघे आणि "छान दिसतो" म्हणून निघून जाई. तायता इलारियोन तर रोज सकाळी नेमानं त्याच्या दारात यायचे, मुन्याच्या पानांचा गरम काढा त्याच्याकडूनच घ्यायचे आणि पेला खाली ठेवता ठेवता विचारायचे, "मग? जाळं कधी देतोस?"

एकदा खुद्द तिबुर्सियो समोरून आला. पाठीवर पोतं, कपाळ कोरडं. थांबला. टोपीकडे बघितलं, सिल्वेरियोकडे बघितलं.

"पोहता येतं ना तुला?" तो म्हणाला, आणि पुढे गेला.

यात अपमान नक्की कुठे होता ते सिल्वेरियोला दिवसभर सापडलं नाही, त्यामुळे तो दिवसभर रागावत राहिला. त्या दिवशीचं विणकाम सगळ्यात उत्तम झालं.

अशी टोपी वाढत गेली. सुई वाकेल अशी वीण. सिल्वेरियो गाठी मारत होता, झुपके लावत होता, पण रागावलेला माणूस दोरी बांधतो, वाचत नाही. रविवार तीन दिवसांवर आला तेव्हा त्यानं गुंड्यासाठी झोळीत हात घातला, आणि हाताला झोळीचा तळ लागला.

त्यानं झोळी उलटी केली. झटकली. मग पहिल्यांदा कमरेची दोरी सोडून नीट बघितली. झुपके सहा. गाठी एकवीस.

पुन्हा मोजल्या. एकवीस.

आनंदात विणलेल्या दोरीवर दर चार गाठींनी झुपका होता. या दोरीवर साडेतीन. घट्ट वीण म्हणजे जास्त टाके, जास्त फेर, जास्त लोकर. हे बेटावरच्या कुठल्याही पोराला कळतं. सिल्वेरियोनं लोकर मागितली होती आनंदाच्या हिशेबानं आणि विणली होती रागाच्या हातानं. तीन बोटं टोपी उघडी राहिली होती, नेमकी शेंड्याची तीन बोटं. टोपी उलटी धरली की सगळं पाणी जिथं जाऊन बसतं ती.

इलारियोननी दोरी बघितली आणि सहानुभूतीनं मान हलवली. "पांढरी आहे माझ्याकडे, ढीगभर. दे लावून वर. मस्त होईल."

"तायता! पांढरा शेंडा लावला तर—"

"तर हुबेहूब तुझ्या डोक्यावर आहे तशी होईल. एक घालायला, एक धुवायला."

सिल्वेरियो टोपी छातीशी धरून एपीच्या घराकडे पळाला. ती अंगणात उन्हात बसून कातत होती. बापाचं पोतं दाराशी नव्हतं, म्हणजे तो शेतावर होता.

"एपी, घात झाला. सहा गुंडे संपले. तीन बोटं राहिली. रंगाचा हंडा—"

"हंडा कधीच धुवून टाकला," ती म्हणाली. "किडेही संपले."

सिल्वेरियो अंगणाच्या दगडी भिंतीवर बसला. डोळ्यांसमोर त्याला पुनोतलं एक हॉटेल दिसायला लागलं. तिथं फोर्तुनातो टोपीतून सूप पीत होता आणि म्हणत होता, ये, बस.

एपीनं टकळी बाजूला ठेवली. मांडीखाली हात घातला आणि एक गुंडा काढून त्याच्या दिशेनं फेकला. लाल. तोच लाल, त्याच हंड्यातला.

"हा— हा कुठला?"

"सातवा."

"पण मी सहाच—"

"तू सहा मागितलेस तेव्हा तुझं तोंड बघितलं होतं मी. कान ते कान हसत होतास. म्हटलं, हा माणूस आत्ता जे काय मोजेल त्यात एक वाढवून धरायचा."

सिल्वेरियोनं सुया उचलल्या, सातव्या गुंड्याचं टोक जोडलं आणि भराभर विणायला लागला. हात हलका, मन हलकं, तलाव निळा. एपी उठून जवळ आली. टोपीवरून बोट फिरवलं. तिचा चेहरा उतरला.

"सैल."

त्यानं बघितलं. अर्धा फेर जत्रेसारखा झाला होता.

"उसव तेवढं," ती म्हणाली. "आणि रागाव."

"आता कसा रागावू? सातवा गुंडा दिलास तू मला!"

एपीनं कमरेवर हात ठेवले. मग शांतपणे म्हणाली, "लोक तुला महिनाभर चिडवतायत ना? जाळं म्हणून, चाळण म्हणून?"

"मग?"

"मी सांगितलं होतं."

"काय?"

"मी. इलारियोन तायतांकडे मी गेले होते. होडीवाल्याला मी सांगितलं. 'फोर्तुनातोचं सूप' माझं आहे, त्याला सुचलं नसतं. क्विनोआवाल्या बाईला पाठ करून घ्यावं लागलं, ती सारखी हसत होती."

सिल्वेरियोचे कान लाल झाले, टोपीपेक्षा लाल.

"तू? माझी? सगळ्या बेटावर? आणि तुझे तायता? 'पोहता येतं ना'?"

"ते नाही. ते माझ्या तायतांचं स्वतःचं."

"मी महिनाभर झोपलो नाही नीट!"

"विण," एपी म्हणाली. "आता विण. थांबू नकोस."

तो विणायला लागला. काय विणलं! सुया करकरत होत्या. तो तिच्याकडे पाठ करून भिंतीवर बसला आणि तिच्याशी बोलेना. ती त्याला बटाटे आणून देई, तो ते रागानं खाई. मधेच त्याचा राग निवतोय असं दिसलं, की ती मागून एक लाकूड सारी. "तुला शीळ वाजवता येत नाही." करकर, करकर. "तुझा पोंचो तुझ्यापेक्षा तुझ्या भावाला शोभतो." करकर. "पहिल्या मुलाचं नाव मी फोर्तुनातो ठेवणार." त्या वाक्यावर सबंध एक बोट विणलं गेलं आणि दोरीवरची गाठ इतकी आवळली गेली की ती पुढे कधी सुटली नाही.

दारातून तिची आई रुफिना हे सगळं बघत होती. तिनं जास्तीचे बटाटे लावले.

असे दोन दिवस गेले. रविवारची सकाळ उजाडली, तेव्हा टोपी मिटत आली होती. शेवटचे चार फेर. तीन. दोन. सिल्वेरियो अजून पाठ करून बसलेला, पण आता थकलेला, आणि थकलेल्या माणसाचा राग फार वेळ टिकत नाही. एपीनं ओळखलं. तिच्याजवळचे अपमान संपत आले होते. तिनं शेवटचा, ठेवणीतला काढला.

"आणि तुला," ती आवाज चढवून म्हणाली, "तुला साधं चालता येत नाही! आठवतं? तीन वर्षांपूर्वी मी होडीत चढत होते. तू माझ्याकडे बघत, विणत विणत आलास, धक्का संपला तरी चालत राहिलास! सरळ तलावात! आणि बुडताना— बुडताना तू हात—"

तिथं तिचा आवाज फाटला.

"—हात वर— सुया वर धरल्यास— नाका-तोंडात पाणी जातंय आणि दोन हात वर— आणि म्हणतोस काय, 'टाका पडला, टाका पडला'—"

आणि ती हसली. हसली म्हणजे भिंतीला धरून हसली, डोळ्यांतून पाणी काढून हसली, आतून रुफिनाचंही हसू ऐकू आलं. सिल्वेरियो वळला. रागाचा एक कणही त्याला कुठं सापडेना. तो हसत होता, आणि हात सवयीनं चालतच होते.

मग त्यानं खाली बघितलं. शेवटून दुसऱ्या फेरात तीन टाके. सैल, गुबगुबीत, खुशालचेंडू.

एपीचं हसू थांबलं. "उसव."

चौकातून शंख वाजला. सभेचा. उसवून पुन्हा विणायला अजून वेळ होता, भरभर केलं असतं तर झालंही असतं. सिल्वेरियोनं त्या तीन टाक्यांवर अंगठा ठेवला.

"नको."

"वेडा आहेस का? फोर्तुनातोचा एकच थेंब पडला होता!"

"महिनाभर तू मला शिव्या विणायला लावल्यास. एवढंच हसणं आहे या टोपीत. नाही उसवत."

त्यानं शेवटचा फेर ओढला, टोक आत घातलं आणि तोडलं.

चौक भरला होता. सुया चालत होत्या, टकळ्या फिरत होत्या, आणि महिनाभर ज्यांनी ज्यांनी त्याला टोमणे मारले होते ते सगळे पुढच्या रांगेत आले होते, कारण टोपीत आपलाही वाटा आहे असं प्रत्येकाला वाटत होतं. इलारियोन शेजाऱ्याला सांगत होते, "तो काठाजवळचा पट्टा बघ. तो माझा. 'जाळं' म्हणालो होतो तेव्हाचा."

तिबुर्सियो कमानीखाली उभा होता. त्यानं टोपी घेतली, उलटी केली आणि डोळे मिटून आतून बोटं फिरवायला सुरुवात केली. काठापासून खाली, एकेक बोट. चेहऱ्यावर काही नाही. तळाशी आल्यावर त्याचं बोट थांबलं. मागे गेलं. पुन्हा तिथंच आलं.

त्यानं डोळे उघडले.

"इथं काय झालं होतं?"

चौकातल्या सुया थांबल्या. खोटं बोलायला चांगलं सुचावं लागतं, आणि सिल्वेरियोला दोन दिवसांच्या जागरणानंतर काही सुचेना.

"एपी हसली," तो म्हणाला.

"कशाला?"

"मी तलावात पडलो होतो, त्याला."

तिबुर्सियोनं मुलीकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती, पण खांदे अजून हलत होते. आठवण तिच्या ताब्यात राहिली नव्हती. त्यानं टोपीत पाणी ओतलं, तांब्या रिकामा होईपर्यंत. मग एक हात काठाला आणि दुसरा हात टोपीखाली, शेंड्याला लागेल न लागेल असा, अंगठा वर करून, तो चालायला लागला. म्हशीच्या चालीनं.

चार पावलं. आठ. लोक मोठ्यानं मोजत होते. बारा. टोपी फुगून लाल भोपळ्यासारखी झाली होती आणि कोरडी होती. पंधरा. सतरा. सतराव्याला सगळ्यांनी श्वास रोखला. काही झालं नाही. अठराव्या पावलाला शेंड्याजवळ, तीन टाक्यांच्या मधोमध, काहीतरी चमकलं. वाढलं. गोल झालं. एकोणिसाव्याला ते लोंबलं, आणि एपीनं सिल्वेरियोचा हात इतका घट्ट धरला की त्याच हातानं विणलं असतं तर टोपीत तलाव राहिला असता.

थेंब पडला. तिबुर्सियोच्या अंगठ्यावर.

विसावं पाऊल देवळाच्या उंबऱ्यावर पडलं. पुढच्या रांगेतून इलारियोननी मान लांब केली. "तिबुर्सियो, ते अंगठ्यावर काय?"

तिबुर्सियोनं अंगठ्याकडे बघितलं. मग शांतपणे तो कपाळाला पुसला, आणि ओलं कपाळ लोकांसमोर धरलं.

"घाम," तो म्हणाला.

वारा तलावावरून येत होता, बोचरा, पोंचो आवळून घ्यावा असा. पुढच्या रांगेतला होडीवाला बोलायला तोंड उघडणार, तोच त्याच्या बायकोनं त्याच्या तोंडात उकडलेला बटाटा घातला. रुफिना दोन पावलं पुढे आली, नवऱ्याचं कपाळ जवळून निरखलं आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बत्तीस वर्षं संसार केला. आज बघायला मिळाला एकदाचा."

तिबुर्सियोनं टोपी सिल्वेरियोच्या डोक्यावर घातली. पाणी काढून टाकायचं तो विसरला, किंवा विसरला नसेल. वरून तांब्याभर बर्फगार पाणी सिल्वेरियोच्या मानेतून थेट पाठीत उतरलं. अंग शहारलं, दात वाजायला लागले, आणि दोन्ही हात सवयीनं वर गेले, सुया धरल्यासारखे.

"टाका पडला का बघ रे!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळा चौक हसायला लागला.